हत्ती कुणाचा, फील कुणाचा : आपल्या सीमाभागातलं हौशी बुद्धिबळ

आदिलाबादेत या एकाच खेळाला तीन नावं आहेत. मराठी घरात बुद्धिबळ, तेलुगू घरात चदरंगम् आणि निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेल्यांच्या तोंडी शतरंज. नावं तीन असायला हरकत नाही, पण मोहऱ्यांची नावं वेगळी झाली की पटावर भांडण लागतं. आपण कोपऱ्यातल्या मोहऱ्याला हत्ती म्हणतो, तेलुगूतही तो एनुगु म्हणजे हत्तीच. उर्दू बोलणारा मात्र कोपऱ्यातल्याला रुख म्हणतो आणि त्याचा फील, म्हणजे हत्तीच, उभा असतो राजा-वजिराच्या शेजारी, जिथे आपला उंट असतो. तेलुगूत त्याच जागी शकटु. त्यामुळे "हत्ती मारला" असं एकाने ओरडून सांगितलं की दुसरा आधी आपल्या पटाकडे बघतो, नेमका कोणता गेला म्हणून.

यात खरं कोण? माझ्या मते जुनं नाव फारसीवाल्यांनी जपलं. संस्कृत चतुरंगात राजा, मंत्री, गज, अश्व, रथ आणि पदाती अशी सेना. रथ टोकाला आणि गज आत. खेळ इराणात गेला तेव्हा गजाचा पील झाला, अरबांनी त्याचा फील केला आणि रथाच्या जागी रुख आला. ही मंडळी तो खेळ घेऊन हिंदुस्थानात परत आली तेव्हा जागा तशाच होत्या. दरम्यान आपल्याकडे रथ युद्धातून गेले. हत्ती सरकून कोपऱ्यात आला आणि रिकाम्या घरात उंट बसला. बंगालात तर कोपऱ्यात नौका आहे, कारण तिथे नद्या. ज्या मुलखात जे वाहन, ते पटावर. आपल्या भागात तिन्ही परंपरा एकाच पारावर बसून खेळल्या, आणि आमच्या मंडळाने जेव्हा जुन्या खेळाडूंच्या आठवणी टिपून घ्यायचं ठरवलं तेव्हा पहिली अडचण हीच आली. टिपणात "उंट" लिहिलंय की "फील", आणि सांगणारा कोणत्या शाळेत शिकला, हे विचारल्याशिवाय डाव कळतच नाही.

हा लेख त्या टिपणांच्या निमित्ताने. विश्वविजेत्यांवर भरपूर लिहिलं जातं. मला कुतूहल आहे ते न जिंकणाऱ्यांचं. कापसाच्या बाजारात हिशेब लिहिणारे, शाळामास्तर, एस.टी.चे कंडक्टर, किराणावाले, कोर्टातले कारकून. ही माणसं चाळीस-चाळीस वर्षं रोज खेळतात. पैसा नाही, नाव नाही, वर्तमानपत्रात फोटो नाही. तरी संध्याकाळी पाच वाजले की पाय आपोआप त्या ओट्याकडे वळतात. हे कसं काय, आणि कधीपासून?

कधीपासून याचं उत्तर दख्खनपुरतं द्यायचं तर बरंच मागे जावं लागतं. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात मानसोल्लास हा ग्रंथ केला. राजाने करमणूक कशी करावी याच्या प्रकरणांत त्याने चतुरंगाचा खेळ सविस्तर सांगितला आहे. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, आपल्यापासून फार लांब नाही. त्यानंतरचं नाव नीलकंठ भट्ट. सतराव्या शतकातले, राहायला काशीत, पण घराणं मूळचं गोदाकाठच्या पैठणचं. वकील मंडळींना हे नाव व्यवहारमयूखामुळे माहीत असतं, कारण मुंबई इलाख्यात वारसा-वाटणीच्या खटल्यांत तो ग्रंथ प्रमाण मानत. त्याच नीलकंठांनी नीतिमयूखात बुद्धिबळाचे नियम लिहिले! धर्मशास्त्र लिहिणारा माणूस मध्येच घोड्याच्या चाली सांगायला लागतो, यावरून तो स्वतः खेळत असणार असा माझा आपला तर्क. आणि तिसरं नाव तर आपल्या निजामी मुलखातलंच. औरंगाबादचे पंडित हरिकृष्ण यांनी १८७१ मध्ये क्रीडाकौशल्य लिहिलं. ते बृहज्ज्योतिषार्णव या त्यांच्या प्रचंड ग्रंथाचा एक भाग. त्यात बुद्धिबळ आहे, सोंगट्या आहेत आणि पोराबाळांचे पटावरचे खेळही आहेत. तिघांपैकी एकाचंही पोट बुद्धिबळावर नव्हतं.

आता देशी डावाकडे येतो. टिपणांत सर्वांत मोलाचं हेच निघालं, आणि हेच सर्वांत लवकर नाहीसं होणार आहे.

आज जगभर जो खेळतात त्याला आमच्याकडची म्हातारी मंडळी अजून "विलायती" म्हणतात. देशी डाव त्याहून बऱ्याच गोष्टींत वेगळा. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर चालणार, दोन घरांची उडी नाही. राजाचा किल्लेकोट नाही, त्याऐवजी राजाला संपूर्ण डावात एकदा घोड्याची अडीच घरं चालता येतात, पण तोवर त्याला शह लागलेला नसला तरच. म्हणून देशी डावात पहिला शह ही मोठी गोष्ट असते. विलायती डावात उगाच दिलेला शह हे नवशिक्याचं लक्षण मानतात. देशी डावात तोच शह राजाची उडी कायमची मोडतो, म्हणून त्यासाठी माणसं मोहरा वाया घालवायलाही तयार होत.

प्याद्याचं म्हणाल तर ते पलीकडच्या टोकाला पोचलं की आपल्या मनाने वजीर होत नाही. ज्या घरात पोचलं त्या घरच्या मोहऱ्याचं ते होतं. हत्तीच्या घरात हत्ती, घोड्याच्या घरात घोडा. आणि तो मोहरा आधी मेलेला हवा, कारण एका सैन्यात दोन वजीर कसे असतील? काही ठिकाणी घोड्याच्या घरात पोचलेल्या प्याद्याला लगेच घोड्याची एक चाल फुकट मिळे. याचा परिणाम असा की शेवटाकडे कोणतं प्यादं पुढे न्यायचं याचा हिशेब फार आधी करावा लागतो. उंटाच्या पट्टीतलं प्यादं आणि हत्तीच्या पट्टीतलं प्यादं यांची किंमत सारखी नाही.

सर्वांत सुंदर नियम मला वाटतो तो बुर्जीचा. समोरच्याचा एकटा राजा उरला, बाकी सगळं मेलं, की डाव बुर्जी झाला, म्हणजे अर्धाच. पुरा विजय नाही. त्यामुळे जिंकणाऱ्याला समोरच्याचं शेवटचं प्यादं जिवंत ठेवून मात करावी लागते. आणि हरणारा काय करतो, तर आपलं ते शेवटचं प्यादं मारून घ्यायला धावतो! एक जपतोय शत्रूचं प्यादं, दुसरा ते मरायला पाठवतोय. विलायती खेळात वाढलेल्या मुलांना हे सांगितलं की ती हसतात, पण एकदा खेळून पाहिलं की गप्प होतात, कारण शेवटच्या दहा चालींतलं सगळं गणित उलटं फिरतं.

मातेचेही दर्जे होते. वजिराने मात केली तर त्यात काय विशेष. प्यादेमात झाली तर ओट्यावरची सगळी मंडळी उठून उभी राहत, आणि हरलेल्याला महिनाभर ऐकून घ्यावं लागे. माझ्या टिपणांतले एक ऐंशी ओलांडलेले गृहस्थ (जिनिंगमध्ये मुनीम होते) मला म्हणाले, "अहो, जिंकणं कुणालाही जमतं. कशाने जिंकलात ते बोला." मला वाटतं हौशी खेळाडूची ही खरी खूण. धंदेवाईक खेळाडूला गुण मोजायचे असतात, गुण प्याद्याने मिळाला काय नि वजिराने काय, एकच. हौशी माणसाला डाव आठवणीत राहायला हवा असतो.

पट कापडाचा असे, आणि त्यात काळी-पांढरी घरं नसत. एकरंगी कापडावर रेघा शिवलेल्या, काही घरांवर फुल्या. त्या फुल्यांचा बुद्धिबळात काही उपयोग नाही, त्या अष्टापद नावाच्या जुन्या फाशांच्या खेळातून उरल्या असं अभ्यासक मानतात. मोहरे चरकावर कातलेले, घोड्याला तोंड नाही आणि हत्तीला सोंड नाही, नुसते लहानमोठे घाट, रंग बहुधा लाल आणि हिरवा. आज दुकानात मिळतो तो घाट स्टाँटनचा, १८४९ मध्ये लंडनला बाजारात आलेला. तो आता बनतो मात्र मुख्यतः अमृतसरला. त्यातला घोडा चरकावर होत नाही, हाताने कोरावा लागतो, म्हणून संचाची किंमत घोड्यावरून ठरते. आपल्या निर्मळच्या खेळण्यांचं पोनिकी लाकूड कोरायला लोण्यासारखं, पण फार हलकं. बुद्धिबळाच्या मोहऱ्याला बुडाशी वजन लागतं, नाहीतर पंख्याच्या वाऱ्याने प्यादी लवंडतात.

एकेक घर चालणाऱ्या प्याद्यांमुळे देशी डावाची सुरुवात संथ. पुष्कळ ठिकाणी तर सुरुवातीच्या चार किंवा आठ चाली एकदमच लावून घेत आणि मग लढाई सुरू. या संथपणाने जगाला काय दिलं ते पाहण्यासारखं आहे. १८४८ च्या सुमारास कलकत्त्यात जॉन कॉक्रेन हा इंग्रज बॅरिस्टर खेळत असे, त्या काळच्या नावाजलेल्या खेळाडूंपैकी. त्याला बंगालच्या खेड्यातून आलेले महेशचंद्र बंदोपाध्याय भेटले. देशी डावात मुरलेले, म्हणून विलायती नियमांनी खेळतानाही प्यादी एकेक घर सरकवून उंट बाजूच्या घरात बसवायचे, आणि मधली घरं समोरच्याला खुशाल घेऊ द्यायचे. युरोपच्या तेव्हाच्या शास्त्राप्रमाणे हे चूकच. पण कॉक्रेनशी झालेले त्यांचे शेकडो डाव नोंदले गेले आणि त्या बचावांना "इंडियन डिफेन्स" हे नाव पडलं. ग्रुनफेल्ड डिफेन्स म्हणून जो बचाव १९२२ नंतर प्रसिद्धीला आला, तो महेशचंद्र १८५५ मध्ये खेळून बसले होते. आज आदिलाबादचं एखादं पोर मोबाइलवर किंग्ज इंडियन शिकतं, तेव्हा ते आपल्याच पणजोबांच्या संथ प्याद्यांची चाल इंग्रजी नावाने शिकत असतं.

पंजाबच्या मीर सुलतान खानचं उदाहरण याच्या उलट बाजूचं. सर उमर हयात खान यांच्या पदरचा हा माणूस, देशी नियमांत वाढलेला. विलायती नियम शिकल्यावर १९२८ मध्ये अखिल भारतीय अजिंक्यपद आणि मग १९२९, १९३२ आणि १९३३ मध्ये ब्रिटिश अजिंक्यपद. पण सुरुवातीच्या चालींत तो शेवटपर्यंत कच्चा राहिला असं सगळे लिहितात, आणि देशी डाव कसा सुरू होतो हे माहीत असलं की त्याचं नवल वाटत नाही. परत आल्यावर १९३५ मध्ये त्याचा आपल्या वि. का. खाडिलकरांशी दहा डावांचा सामना झाला. नऊ डाव सुलतान खानचे, एक बरोबरीत. जागतिक संघटनेने त्याला मानद ग्रँडमास्टर केलं ते २०२४ मध्ये, मृत्यूनंतर अठ्ठावन्न वर्षांनी.

हौस किती लांब जाते याचं हैदराबाद संस्थानातलं एक जुनं उदाहरण सांगतो. १८२८ मध्ये मद्रास आणि हैदराबाद या दोन शहरांत टपालाने बुद्धिबळाचा सामना झाला. मद्रासच्या बाजूने खेळणाऱ्यांत गुलाम कासीम होते, ज्यांनी पुढच्याच वर्षी जेम्स कॉक्रेन यांच्याबरोबर मुझिओ गँबिटवर पुस्तक छापलं. सामना मद्रासने जिंकला. पण मी विचार करतो तो त्या टपालाचा. तेव्हा रेल्वे नाही, तार नाही. सहाशेहून अधिक किलोमीटर अंतर हरकाऱ्यांनी पायी तोडायचं, पिशवीत सरकारी खलिते, सावकारांच्या हुंड्या आणि मध्ये एक चिठ्ठी, की आमचा घोडा अमुक घरी गेला. उत्तर येईपर्यंत मोहरे तसेच मांडलेले. घरातल्या पोराने एखादं प्यादं हलवलं तर पंचाईत! पुढे पोस्टकार्ड आलं आणि हा छंद सामान्य माणसाच्या खिशात बसला. आमच्या टिपणांत कार्डावर डाव खेळलेल्या दोघांची नोंद आहे. त्यातल्या एकांनी सांगितलं की पोस्टमन आधी चाल वाचायचा, मग कार्ड द्यायचा आणि वर आपलं मतही द्यायचा.

मराठी आणि तेलुगू या दोन्ही बाजूंनी अभिमान वाटावा अशी एक गोष्ट मला फार आवडते आणि ती आपल्याकडे फारशी कुणाला माहीत नाही. भारताची पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा १९५५ मध्ये झाली, ती आंध्रातल्या एलुरूला. विजेते दोघे, संयुक्त : रामचंद्र सप्रे आणि डी. वेंकय्या. एक मराठी, एक तेलुगू! पुढच्याच वर्षी भाषावार प्रांतरचना झाली, हैदराबाद संस्थान तिघांत वाटलं गेलं, आपल्या जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके मुंबई राज्यात गेले आणि आम्ही इकडे राहिलो. तेव्हाच्या भांडणांच्या आठवणी अजून निघतात. त्या धामधुमीच्या अगदी तोंडावर एलुरूत हे दोघे पहिला मान वाटून घेत होते.

तेव्हा देशात सगळेच हौशी होते हे लक्षात घ्या. पहिला इंटरनॅशनल मास्टर मॅन्युएल एरन १९६१ चा, पहिला ग्रँडमास्टर विश्वनाथन आनंद थेट १९८८ चा. मधल्या काळात चांगला खेळणारा म्हणजे नोकरी करून खेळणारा. बँका, रेल्वे, तेल कंपन्या यांनी खेळाडूंना नोकऱ्या दिल्या हा मोठा आधार झाला. आणि आधार होता तो गावोगावच्या मंडळांचा. सांगलीचं नूतन बुद्धिबळ मंडळ १९४१ चं, भाऊसाहेब पडसलगीकरांनी उभं केलेलं. स्वतः नावाजलेला खेळाडू होण्यापेक्षा दुसऱ्याला खेळायला बसवणं हा ज्यांचा छंद, अशांतले ते. भाग्यश्री साठे, स्वाती घाटे या त्या सांगलीच्या. एका माणसाची हौस आयुष्यभर टिकली की एका गावाची सवय बनते, हे पाहायचं असेल त्यांनी सांगली पाहावी.

खाडिलकर भगिनींचंही तसंच. वासंती, जयश्री, रोहिणी, तिघी राष्ट्रीय विजेत्या, पत्रकार नीलकंठ खाडिलकरांच्या मुली. महिलांचं पहिलं राष्ट्रीय अजिंक्यपद १९७४ चं, ते वासंतीचं. रोहिणी १९७६ मध्ये तेरा वर्षांची असताना पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळली, त्यावर वाद झाला, आणि जागतिक संघटनेचे अध्यक्ष माक्स युवे यांना सांगावं लागलं की स्त्रियांना राष्ट्रीय अजिंक्यपदातून वगळता येणार नाही. याच रोहिणीने १९८१ मध्ये पहिली आशियाई महिला अजिंक्यपद स्पर्धा जिंकली, आणि ती झाली आपल्या हैदराबादला.

आमच्या ओट्यावर मात्र बाई कधी बसली नाही. टिपणांत अशा तीन आज्या निघाल्या ज्यांना देशी डाव उत्तम येत होता, तिघीही घरात, माजघरात, नवऱ्याशी किंवा सासऱ्याशी खेळलेल्या. एकीने सांगितलं, सासरे हरले की जेवायचे नाहीत, म्हणून मी हरायचे. हा हौशी बुद्धिबळाचा इतिहास आपण कुठे लिहितो?

आता "हे कसं काय" या प्रश्नाकडे. रोज हरणारा माणूस रोज येतो का? इथे माझी इंजिनिअरची सवय आड येते, मला यंत्रणा बघावीशी वाटते, आणि दोन यंत्रणांनी हौशी खेळाडूला खेळात टिकवलं असं माझं मत झालंय.

पहिली स्विस पद्धत, १८९५ मध्ये झ्युरिकला प्रथम वापरलेली. समजा १२८ खेळाडू आले. बाद पद्धतीने स्पर्धा घेतली तर सात फेऱ्यांत विजेता मिळतो, एकूण डाव होतात १२७, पण पहिल्या फेरीनंतर ६४ माणसं पिशवी उचलून घरी. स्विस पद्धतीत कुणी बाद होत नाही, जिंकणारा जिंकणाऱ्याशी, हरणारा हरणाऱ्याशी. फेऱ्या सातच, पण प्रत्येकाला सात डाव, एकूण ४४८. म्हणजे त्याच दोन दिवसांत साडेतीनपट बुद्धिबळ! शिवाय तिसऱ्या-चौथ्या फेरीपर्यंत ज्याला त्याला आपल्या तोलाचा गडी सापडतो. तळातल्या टेबलावर रंगणारा डाव पहिल्या टेबलावरच्यापेक्षा कमी चुरशीचा नसतो, विश्वास नसेल तर जाऊन बघा.

दुसरी एलो गुणांकनाची. अर्पाड एलो हे अमेरिकेतले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, स्वतः हौशी खेळाडू. जागतिक संघटनेने त्यांची पद्धत १९७० मध्ये घेतली. त्यातली खुबी अशी की प्रत्येक डावाआधी अपेक्षा ठरते. दोघांचे गुण सारखे तर अपेक्षा अर्ध्या गुणाची. समोरचा दोनशेने वरचढ असेल तर आपली अपेक्षा सुमारे ०.२४. नेहमीचा २० हा गुणक धरला तर अशा वरचढाकडून हरल्यावर पाचच्या आसपास गुण जातात, बरोबरी केली तर पाच मिळतात, आणि जिंकलो तर पंधरा. म्हणजे थोराशी हरण्याचा दंड थोडा, अडवण्याचं बक्षीस चांगलं. कापूस तोलणाऱ्याला हा काटा लगेच कळतो. सोळाशेचा माणूस वीस वर्षं सोळाशेचाच राहतो, पण या वीस वर्षांत त्याने अठराशेवाल्याला दोनदा अडवलेलं असतं, आणि त्या दोन डावांची प्रत्येक चाल त्याला तोंडपाठ असते. मार्च २०२४ पासून गुणांची खालची मर्यादा १४०० केली आणि खालच्यांचे गुण एकदम वर सरकवले, तेव्हा आमच्याकडचे काही जण नाराज झाले. फुकट मिळालेले गुण नकोत म्हणाले!

हौसेची किंमत घर भरतं हे लिहिलं नाही तर टिपण अपुरं राहील. प्रेमचंदांची शतरंज के खिलाडी ही १९२४ ची गोष्ट, सत्यजित राय यांचा १९७७ चा चित्रपट, दोन्हींत लखनौचं राज्य बुडतं आणि दोघे मित्र पट सोडत नाहीत. राज्य बुडवण्याइतकं आपल्याकडे काही नव्हतं. पण खरेदीच्या हंगामात काट्यावर माणूस नाही म्हणून पोराला ओट्याकडे पिटाळलेलं, रविवारी पाहुणे दारात आणि यजमान नांदेडच्या स्पर्धेला, प्रवेश फी भरून किराण्याचा हिशेब चुकलेला, हे प्रत्येक घरात ऐकायला मिळालं. एका काकूंनी मला स्पष्टच सांगितलं, "दारू नाही, पत्ते नाहीत, म्हणून मी बोलले नाही. पण माझी संध्याकाळ कुणी विचारली का?" त्यांच्या यजमानांचा संच त्यांनी अजून जपून ठेवलाय, हेही खरं.

आणि हीच हौस कधी कधी घरातल्या पुढच्या पिढीत उतरते. कोनेरू हंपीचे वडील रसायनशास्त्र शिकवत, मुलीच्या खेळासाठी त्यांनी नोकरी सोडली. गेल्या काही वर्षांत आपल्या हनमकोंड्याचा अर्जुन एरिगैसी २८०० गुणांच्या पार गेला. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बटुमीला महिला विश्वचषकाची अंतिम लढत लागली ती हंपी आणि नागपूरची दिव्या देशमुख यांच्यात. दोन डाव बरोबरीत, मग जलद डावांत दिव्या जिंकली. त्या दिवशी आदिलाबादेत कुणाच्या बाजूने बसायचं हा मोठाच पेच होता. नागपूर-हैदराबाद हमरस्त्यावरचं आमचं गाव, निम्मी घरं इकडची, निम्मी तिकडची. ओट्यावर दोन तट पडले, शेजारी-शेजारी बसून मोबाइलवर डाव बघितला, आणि निकालानंतर दिव्याच्या बाजूच्यांनी चहा पाजला.

देशी डाव मात्र आता त्या ओट्यावर मांडत नाहीत. मला जिल्ह्यात तो नीट खेळू शकणारे पाच जण सापडले, सगळ्यांत धाकटे एकाहत्तर वर्षांचे. पाचांपैकी दोघांच्या बुर्जीच्या नियमात फरक आहे, आणि चाल कोंडली तर काय करायचं यावर तिघांची तीन मतं. हे फरक चुका नव्हेत, त्या-त्या गावचे कायदे आहेत, आणि बेला, जैनथ, तांसी, भैंसा, मुधोळ, पलीकडे किनवट, राजुरा, पांढरकवडा इथून अजून नोंदी हव्यात. तुमच्या घरी कुणी देशी डाव खेळलेलं असेल तर एवढं विचारून ठेवा : राजाची अडीच घरांची उडी शह लागल्यावर चालते का, प्यादं घोड्याच्या घरात पोचलं तर काय होतं, दोन्ही राजे समोरासमोर उभे राहतात की राजासमोर वजीर, आणि कोपऱ्यातल्या मोहऱ्याला ते काय म्हणतात. कापडी पट मिळाला तर धुऊ नका, तसाच उजेडात पसरून वरून फोटो घ्या, शेजारी फूटपट्टी ठेवा, आणि फुल्या कोणकोणत्या घरांवर आहेत ते एका कागदावर उतरवून घ्या.